गेरू लावलेले कंद

माघातल्या एका रविवारी माझ्या बायकोने पोपटीतला कंद खाल्ला. तो कळलावीचा होता. देणारीने कणगर समजून दिला, हिने कणगर समजून खाल्ला, आणि मी शेजारी बसून पाहिलं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही पेणला राहत होतो. मी शाळेत ग्रंथपाल होतो. ती रोह्याकडची, नदीपलीकडच्या अष्टमीतली, वैद्यांची मुलगी. तिच्या माहेरी सकाळी सगळ्या भावंडांना ओळीने बसवून किराईताचा काढा देत. काढा तोंडात गेला की तो बाहेर येता कामा नये. कडू थुंकायचं नाही, हा त्या घरातला पहिला नियम, परवचासुद्धा त्याच्यानंतर. लग्न झाल्यावर तिने तो नियम आमच्या घरी आणला. पहिल्याच सकाळी मी मोरीत जाऊन काढा थुंकलो, तेव्हा ती दारात उभी होती.

"एवढाली पुस्तकं पचवता, आणि घोटभर किराईत पचत नाही?" ती म्हणाली, आणि पुन्हा पेला भरून आणला.

तिच्या वडिलांच्या शेवटच्या वर्षांत रानातून मुळ्या आणून देणारी माणसं रिकाम्या हातांनी येऊ लागली होती. आज सर्पगंधा नाही, उद्या शतावरी नाही. व्यापाऱ्यांची माणसं येत आणि वेल मुळासकट उपटून नेत. मुळी गेली की पुढच्या पावसात तिथे काही उगवत नसे. वडील गेले आणि तिच्या मनाने घेतलं की औषध रानातून ओरबाडायचं नाही, भातासारखं लावायचं. पेणमधली एक संस्था शेतकऱ्यांना रोपं आणि बेणं देऊन अशी लागवड करायला सांगत होती. ती तिथे जाऊ लागली. थोड्याच काळात पेण आणि रोहा तालुक्यांतल्या कितीतरी गावांत तिला सगळे ओळखू लागले. मुळ्यावाली बाय, म्हणत.

सुट्टीच्या दिवशी पिशव्या धरायला मी बरोबर जायचो. एसटीत धाटावच्या रसायनांच्या कंपन्यांतले शिफ्ट सुटलेले कामगार असायचे, त्यांच्या शर्टांना एक उग्र वास असे. एकदा एकाने तिच्या पिशवीत डोकावून विचारलं, "बाय, ह्याने आमचा खोकला जाईल काय?"

"कंपनी सोडलीस तर बिनऔषधाचा जाईल," ती म्हणाली. "तोवर अडुळसा लाव दारात."

गावात देवळाच्या ओट्यावर बायका जमत. पहिला प्रश्न ठरलेला असे.

"भात सोडून ह्या काड्या लावू? पोरांना काय काड्या शिजवून घालू?"

"भात कोण सोडायला सांगतंय गो? बांध मोकळा आहे ना तुझा? कुंपण आहे ना? तिथे लाव. भाताच्या पोटात शिरत नाही ते."

"आन ह्यो तुमचा नवरा काय बोलत नाय तो? मुका हाय काय?"

"बोलतो, पण लेखी."

सगळ्या हसत. मी पिशव्यांकडे बघत बसे. मला हसू येत असे, पण त्या पिशव्यांमध्ये एक पिशवी कळलावीची असली, की माझं लक्ष तिच्यावरून हलत नसे.

कळलावी कोकणात कोणाला नवी नाही. पावसाळ्यात ती कुंपणांवर आपोआप चढते. तिची पिवळी-तांबडी, मागे वळलेल्या पाकळ्यांची फुलं भाद्रपदात गौरीच्या पूजेला लागतात. 'गौरीचे हात' म्हणतात त्यांना. जे फूल गौरीला चालतं त्याला भ्यायचं कशाला, असं सगळ्यांना वाटे. औषधासाठी तिच्या बियांना मागणी होती आणि संस्था ती लावायला सांगत होती. पण तिचा कंद विषारी. बोटाएवढा जाड, तपकिरी, मधेच नांगरासारखा वाकलेला. मी शाळेच्या कपाटातल्या एका जुन्या वनस्पतींच्या पुस्तकात त्याच्याबद्दल वाचलं होतं आणि तेव्हापासून मला भीती बसली होती. ती पिशवी घरी आली की मी ती मोरीपाशी ठेवायचो, स्वयंपाकघराच्या जवळ येऊ द्यायचो नाही, आणि दोनदा हात धुवायचो.

"वाचून वाचून घाबरट झालात," ती म्हणे. "हाताला लागून कोणी मरत नाही."

पण सभेत ती स्वतः फार स्पष्ट बोलत असे. आवाज खाली आणायची आणि सांगायची, "हा कंद पोटात गेला तर आधी उलट्या होतात, जुलाब होतात. मग एक दिवस बरं वाटतं. माणूस उठून बसतो, चहा मागतो. घरची माणसं म्हणतात, सुटलो. त्या दिवसाला भुलू नका. विष तेव्हा आत काम करत असतं." बायकांचे चेहरे उतरत. मला हे सगळं शब्दन् शब्द पाठ झालं होतं. ती 'चहा मागतो' म्हणाली की मी त्या पिशवीची गाठ पुन्हा आवळायचो.

बेण्याचे कंद हिवाळ्यात काढून पावसाळ्यापर्यंत ठेवावे लागत, आणि गावांत तर कणगरं घरोघर. कणगर म्हणजे हिवाळ्यात निघणारा लहान कंद, उकडून किंवा भाजून खातात. दोन्ही तपकिरी, दोन्ही आतून पांढरे. म्हणून कळलावीच्या बेण्याला खूण करायचं ठरलं. तिने गेरू निवडला. पेणला घरोघर गणपतीचे कारखाने, रंगाला तोटा नाही. लाल म्हणजे धोका, हे शाळेतल्या पोरापासून एसटीच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना कळतं, असं ती म्हणाली. संस्थेतल्या सगळ्यांना पटलं. लाल झालेले कंद बघून मलाही जरा निर्धास्त वाटलं.

ज्या घरी आम्ही त्या रविवारी गेलो ते रोह्याच्या पलीकडचं. घरात म्हातारी, तिचा मुलगा, सून आणि त्यांची दोन मुलं. मुलगा धाटावला शिफ्टमध्ये जायचा आणि उरलेल्या वेळात शेती बघायचा. सून हिच्या सभांना यायची. चुणचुणीत बाई. गावात सगळ्यांत आधी कुंपणाला कळलावी तिने लावली होती, आणि पहिल्या वर्षाच्या बिया गोळा करून झाल्यावर म्हातारीने निरोप धाडला होता: पोपटीला या.

पोपटी आमच्या भागातली हिवाळ्याची मजा. वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, मधे बटाटे, कणगरं, अंडी. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं शेतात उपडं करायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. शेंगा खुडायला आमची ही आणि सून दोघी शेतात गेल्या. मी आणि मुलगा काटक्या गोळा करत होतो. घरात म्हातारी होती आणि म्हातारीची लेक होती. आदल्या संध्याकाळी ती माहेरपणाला आली होती. वहिनीने कुंपणाला काय लावलंय, त्याचं बेणं कुठे ठेवलंय, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला वेळच कुठे होता. ती आली ती हसत, बोलत, पोरांना कडेवर घेत.

दोन मडकी लावली. उन्हं कलली होती. सुनेने मडक्यावर पाण्याचा शिपका मारला, पाणी चर्र करून उडालं.

"झाली गो झाली, फोडा तोंड," म्हातारी ओरडली.

पहिलं मडकं गोणपाटावर रिकामं केलं. वाफ आली, भांबुर्ड्याचा वास आला. पहिला घास पाहुण्याला, ही तिथली रीत. माहेरवाशिणीने त्या ढिगातून एक कणगर उचललं, फुंकर घालून घालून सोललं आणि हिच्या हातावर ठेवलं.

"घ्या बाय. आमच्या घरचं हाय."

हिने चावा घेतला. मी बघत होतो. तिचा चेहरा क्षणभर थांबला.

"कडू?" मी विचारलं.

"जरासं. कणगर निघतं एखादं कडू." तिने ते खाल्लं. सगळं खाल्लं. समोर ती लेक कौतुकाने बघत होती.

मग बराच वेळ गप्पा चालल्या. वालाच्या सालांचा ढीग झाला. म्हातारीने मला छेडलं, "खावा वो मास्तर, लेखी काय खाता?" मुलांनी अंडी पळवली. दुसरं मडकं निवत ठेवलं होतं, ते सुनेने उपडं केलं आणि ती वाकली ती वाकलेलीच राहिली.

शेंगांत एक कंद होता. सोललेला नव्हता, मोडलेला नव्हता. मधे नांगरासारखा वाकलेला.

"ही कुठनं आली?" तिने विचारलं. मग ती ओरडली, "ही कुठनं आली? कोणी घातली?"

माहेरवाशीण म्हणाली, "माळ्यावर होती ती. कावंत घोळवलेली. धुतली नि घातली."

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. सुनेने दोन्ही पोरांची तोंडं उघडून आत बोटं घातली. मुलगा मोटरसायकलकडे धावला. म्हातारी "काय झालं गो, काय झालं" करत राहिली. हिने तो कंद हातात घेतला, मोडला, नाकाशी नेला.

"किती घातल्या होत्या?" तिने विचारलं. आवाज सभेतल्यासारखाच होता.

"तीन. ह्या मडक्यात दोन, त्या मडक्यात एक."

दुसऱ्या मडक्यातले दोन्ही कंद शेंगांत सापडले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सुनेने पोराला पोटाशी धरलं. आणि मग एकेक करून सगळे हिच्याकडे बघू लागले. मी आधीपासून बघत होतो.

मिठाचं पाणी पाजलं, तिने स्वतः घशात बोटं घातली. मोटरसायकलवर पुढे म्हातारीचा मुलगा, मधे ही, मागे मी, असे आम्ही कुंडलिकेच्या पुलावरून रोह्याच्या दवाखान्यात गेलो. तिचा गाल मुलाच्या पाठीला टेकला होता. मी तिच्या कमरेभोवती हात घट्ट धरून होतो आणि माझ्या डोक्यात तिचंच वाक्य चाललं होतं: आधी उलट्या होतात. दवाखान्यात डॉक्टरांना काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं हे तिनेच सांगितलं. पोट धुतलं, सलाईन लावलं. पोट धुवायला उशीर झाला होता, हे ती त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखत होती.

सकाळ व्हायच्या आत उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. नर्सने मला बाहेर बसवलं. बाकावर बसून मी आतले आवाज ऐकत होतो. ती अजून तिनेच सांगितलेल्या वाटेवर होती, आणि त्या वाटेवर पुढे काय आहे ते मला पाठ होतं.

मंगळवारी दुपारी तिला बरं वाटलं.

मी आत गेलो तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. ओठ सुकले होते, पण डोळे स्वच्छ होते. नर्स हसली. "मॅडमना आता आराम आहे," ती म्हणाली. हिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, चहा मिळेल का कुठे?"

मी उभा राहिलो. तिच्याकडे बघत राहिलो.

तिला ते कळलं.  मग ती म्हणाली, "असे काय बघता? चहाच मागितला. सगळ्यांना काही सारखंच होत नाही. एखादा उठतोही."

हे ती सभेत कधीच सांगत नसे.

मी समोरच्या टपरीवरून चहा आणला. तिने बशीत ओतून थोडा घेतला, उरलेला मला दिला. मी प्यालो. ती जिवंत होती, बोलत होती, केस नीट करत होती, आणि आयुष्यात मी पुन्हा कधी इतका भ्यालो नाही.

संध्याकाळी माहेरवाशीण आली. दाराची चौकट धरून उभी राहिली, आत येईना.

"आत ये गो," ही म्हणाली. "मी काय भूत झाले काय आत्ताच?"

ती आली आणि खाली जमिनीवरच बसली. "बाय, आमच्याकडं चांगलं तेच कावंत घालतात. वाल असू दे, कणगरं असू दे. खायला ठेवायचं, बियाला ठेवायचं, त्याला कीड लागू नये म्हून काव लावतात. लाल बघितलं नि मला वाटलं, आयेने जपून ठेवलेलं हाय. पाहुण्यांना चांगलं घालावं म्हून..."

 आमच्या पेणचा गेरू आणि त्यांची काव, माती एकच. धोका म्हणून आम्ही जो रंग लावला होता, त्या घरात त्याचा अर्थ 'हे चांगलं आहे, खायचं आहे' असा होता. सुनेला आमचा अर्थ माहीत होता, नणंदेला घरचा.

ही छताकडे बघत होती.  मग म्हणाली, "किती गावांत गेरू लावायला सांगितलं मी." आणि लगेच माझ्याकडे वळून, "ऐकलंत ना? नीळ लावायला सांगा. कपड्यांची नीळ. निळं कोणी खात नाही. आणि घरात ठेवायचं नाही, शेतावरच्या खोपीत ठेवायचं. झाड वाईट नाही म्हणावं. लावू नका असं सांगू नका कोणाला."

"तूच सांग बरी झाल्यावर," मी म्हणालो.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "तोंडी सांगा."

दुसऱ्या दिवशी ती खचली. लघवी थांबली, अंगावर काळेनिळे डाग आले, श्वास लागला. डॉक्टरांनी मुंबईला हलवायला सांगितलं. गाडीत तिच्या उशाशी मी होतो. नागोठणं गेलं. वडखळ नाक्यावर ट्रकांची रांग होती, गाडी उभी राहिली. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, पुढे कोणाला हलायला जागा नव्हती. अलिबागकडे वळणाऱ्या एसट्या आडव्या आल्या होत्या. खिडकीतून मिठागरं दिसत होती.

"पेण आलं का?" तिने विचारलं.

"आता येईल."

रांग सुटली. पेण आलं तेव्हा सांगायला मी वाकलो. तिने ऐकलं नाही.

तेरावा झाल्यावर मी नीळ घेतली आणि एसटीत बसलो. धाटावच्या एका कामगाराने मला ओळखलं, त्याने उठून जागा दिली. गावोगाव मी ओट्यावर उभा राहिलो आणि तिने सांगितलं तेवढंच सांगितलं. बायका ऐकत होत्या, कोणी चेष्टा केली नाही. पण बहुतेक घरांत सांगायला काही उरलं नव्हतं. बातमी माझ्याआधी पोचली होती. कोणी कंद खाडीत टाकले होते, कोणी जाळले होते, एकीने खड्डा करून पुरले होते आणि वर दगड ठेवला होता. मला त्यांचं बरोबर वाटलं. मला हायसं वाटलं. आणि तरी प्रत्येक ओट्यावर मला तिचं वाक्य म्हणावं लागलं, की झाड वाईट नाही.

सगळ्यांत शेवटी मी त्या घरी गेलो. म्हातारी पडवीत होती, मला बघून तिने पदर तोंडाला लावला. सुनेने कंद टाकले नव्हते. एका डब्यात घालून शेतावरच्या खोपीत आढ्याला टांगले होते.

"बाई काय बोलल्या जाताना?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तिने बादलीत पाणी घेतलं, नीळ विरघळवली. एकेक कंद आम्ही त्यात बुडवला. माझी बोटं कितीतरी दिवस निळी होती.

"भाऊ, तुम्ही भ्यायलात," ती म्हणाली.

"हो."

"मी पण. पण लावणार मी."

त्याला आता खूप वर्षं झाली. म्हातारी गेली. लेक माहेरी येते, पण माळ्यावर कधी चढत नाही. दर माघात मी त्या घरी जातो आणि माळा बघायचा आहे म्हणतो. पूर्वी मी स्वतः शिडी चढत असे. आता गुडघे दुखतात, म्हणून सून बॅटरी घेऊन वर जाते आणि तिथूनच ओरडते, "नाय भाऊ, काय नाय हितं." मग आम्ही शेतावर जातो. पोपटी त्या घरी पुन्हा लागली नाही.

बाकी गावांत अडुळसा आहे, बांधांवर शतावरी आहे. कळलावी त्या एका कुंपणाला आहे. बेणं खोपीत असतं. ते निळं असतं.